एकोणसाठ नंबरचं विमान

४ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न.

वरची अक्षरं आईने घालायला लावली. त्यांचा फुल फॉर्म मला आत्ताच कळला.

विमान खोक्यात खाली आहे. पंख धरून उचलू नकोस, पोटाला धर. मॉडेलचं किट दिलंस तेव्हा म्हणालास, हात थरथरतात, आता हे माझ्याच्याने होणार नाही, तू कर. मला इतका आनंद झाला की तुझ्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. आई सांगते, तू हत्यारांची पेटीसुद्धा माळ्यावर टाकलीस. हे मला बिलकूल पटलेलं नाही. पण थँक्यू, मामा. खरं लढाऊ विमान तू हँगरमध्ये वर्षानुवर्षं सांभाळलंस आणि त्याचं पिल्लू माझ्या हातात दिलंस.

नाकात वजन भरायला विसरले, तर ते कुत्र्यासारखं शेपटीवर बसलं. मग नाक उघडून छर्रे भरले. पंखाखालचं एक क्षेपणास्त्र हरवलं होतं, ते बाबांच्या तळपायाला सापडलं. बाबा काय बोलले ते लिहीत नाही. तू फोनवर सांगितलेला तुझ्या विमानाचा नंबर शेपटीवर चिकटवलाय. सरळ आहे का बघ.

लाड चालू ठेव.
तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

अक्षर मामीचं, बोलणं माझं.

विमान हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिलं. सांधा शोधून सापडत नाही. चाकांजवळची काजळीसुद्धा जिथे असते तिथेच. पोरी, जीव ओतलास.

पण मी एकोणसाठ सांगितलं होतं गं. तू ६९ लावलंस. ते शेजारच्या मेकॅनिक टोळीचं विमान. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो: सगळे पुढेपुढे करणार आणि हा जागचा हलणार नाही. दोन दिवस त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग राहवेना. मामीकडून पेटी खाली काढून घेतली. नऊ बरोबरच होता, फक्त सहाचा पाच करायचा. सहा पात्याने खरवडला, मनगट पुस्तकांवर टेकवलं आणि ब्रशने पाच काढला. पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. शेवटचा ठेवलाय. पोट जरा थरथरलंय त्याचं, पण पाच आहे आणि माझा आहे.

खरं सांग, मुद्दाम केलंस का?

आता मामी स्वतःचं लिहिते: वर्षभरात पहिल्यांदाच यांना जेवायला दोनदा हाक मारावी लागली. तुझं भलं होवो.

आमची आठवण असू दे.
मामा-मामी


२० फेब्रुवारी

ती. मामा-मामीस शि. सा. न.

मुद्दाम केलं म्हटलं असतं तर केवढा भाव खाता आला असता! पण नाही रे. 'एकोण' ऐकलं की माझं डोकं पुढचं ऐकतच नाही. इंग्लिश मीडियमचा घरात पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला.

तो पाच आता कुणालाही सुधारू देऊ नकोस. तुझे आभार कसे मानायचे कळत नाही, म्हणून दुसरं किट घेतलंय, दोन सीटचं. सुट्टी लागली की घेऊन येते. कॉकपिटमधली घड्याळं नखाहून लहान आहेत. मी विमान धरेन, ती तू रंगव. काटे थरथरले तर थरथरू देत, उडणाऱ्या विमानात हलतातच ते.

येईपर्यंत रागावायचं राखून ठेव.
तुझीच भिंगरी