शुद्ध शुभेच्छा

धाकट्या,

सकाळी तुझ्या फोनवरून मेसेज आला: 'ताई, सणाच्या हार्दिक शुभेच्छा. देव तुम्हाला सुखी ठेवो.' वाचलं आणि मनात पाल चुकचुकली.

तू मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलास? आणि 'शुभेच्छा' तुला बरोबर कसं लिहिता आलं? जन्मभर तू 'शुभेच्या' लिहिलंस. चार वर्षांपूर्वी तुझं सणाचं कार्ड मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. छापखान्यात प्रुफं तपासून तपासून जडलेली खोड ती. पण तू जो रुसलास तो रुसलासच.

आज दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझी बायकोच बोलली, "ते झोपलेत." सणाच्या दिवशी, भर दुपारी? देवाला नैवेद्य दाखवायच्या आत ताटात हात घालणारा तू? ती काहीतरी लपवत होती. मीही जास्त खोदून विचारलं नाही. धीर झाला नाही, हे कबूल करते.

म्हणून हे लिहायला बसले. पण पाठवणार नाही. उत्तरातही एकही चूक सापडली नाही तर?

तुझी,
चुका काढणारी ताई