खंडेनवमीचा कॉम्प्युटर

तळवडे,
नवरात्राची दुसरी माळ

श्रीयुत मारुतराव व्याही यांना सोपानरावचा सादर रामराम.

आपली तब्येत, विहीणबाईंचा गुडघा आणि आमची मोनिका, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (मोनिका ठीक आहे हे मला ठाऊक आहे, लेकीचा रोज फोन असतो. पण पत्रात विचारावं लागतं.) देहूपासून तळवडे हाकेच्या अंतरावर असताना पत्र कसलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणतो, म्हणून कागद घेतला.

विषय आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा आहे. तो वर्षातून एकदाच लागतो. एका कंपनीने कधीच बंद केलेल्या टेम्पोचा एक ब्रॅकेट आम्ही अजून करतो, आणि तो कापणारं मशीन फक्त याच कॉम्प्युटरचं ऐकतं. (नवा लॅपटॉप आणून पाहिला. त्याला मशीनची वायर लावायला भोकच नाही.) गेल्या वर्षी ऐन ऑर्डरीत हा हँग झाला, माल उशिरा गेला, आणि परचेसच्या साहेबांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर काम चाकणला दुसऱ्याकडे जाईल. ती ऑर्डर गेली तर आमची दिवाळी गेली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला.

म्हणून यंदा श्रावणातच तो लावून पाहिला. चहा येईपर्यंत बरा चालायचा. कप खाली ठेवला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी आणि की-बोर्ड मुका. मी आधी विजेवर संशय घेतला आणि नवा स्टॅबिलायझर आणला. मग आमच्या सौ. गोजाबाईंनी त्याचं तोंड पूर्वेला करायला लावलं. तो पूर्वेकडे तोंड करून हँग झाला. आमचा ऑपरेटर किसन म्हणाला, "मालक, ह्याला ताप आलाय न्हवं," आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागला. गंमत म्हणजे त्याने तो जरा जास्त चालला. एक जण बटणं दाबतोय, दुसरा वारा घालतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत कोणी संस्थानिक बसलेत. पण सगळी ऑर्डर होईस्तोवर वारा कोण घालणार?

शेवटी सांगवीहून रश्मी नावाच्या रिपेअरवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "काका, तुम्ही यात भात लावता का?"

आता पुढचं जरा जपून लिहितो. आतला पंखा जाम होता. कशाने, तर तांदळाने. लाल तांदूळ, कुंकवात चिकटलेले, वर झेंडूच्या पाकळ्या. मोनिकाच्या लग्नापासून खंडेनवमीची पूजा तुमच्या हातची असते, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. लेथला तुम्ही चिमूटभर अक्षता वाहता. पण कॉम्प्युटर म्हणजे कारखान्याचं डोकं, म्हणून त्याच्या डोक्यावर भरून ओंजळ. नेमकी तिथेच जाळी आहे. (मी कोणाला दोष देत नाही. उंदरानेही आणले असतील.) साफ केल्यापासून तो सकाळी लावला की संध्याकाळपर्यंत चालतो. ऑर्डर आता कधीही येईल आणि यंदा मी तयार आहे.

खंडेनवमीला सगळ्यांनी जेवायलाच या. लोभ आहेच, तो साफसफाईत कमी झालेला नाही.

आपला,
सोपानराव

ता. क. यंदा कॉम्प्युटरला दुरून नमस्कार केला तरी पोचेल. अक्षता लेथवर हव्या तेवढ्या वाहा. एवढंच सांगायचं होतं. हे विहीणबाईंना वाचून दाखवू नये.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचा धीर झाला नाही, आज सातवी माळ. ऑर्डर दरवर्षी ललितापंचमीच्या आत येते. यंदा कॉम्प्युटर ठणठणीत आहे आणि ऑर्डरीचा पत्ता नाही. गोजाबाई म्हणतात, लक्ष्मी होती ती झाडून काढलीत. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी येताना तांदूळ घरचे आणा आणि ओंजळ मोठी घ्या. जाळीतून पडायची वाट बघायला नको. झाकण मीच काढून ठेवतो.