व्याह्याच्या गादीवर ससा

९ नोव्हेंबर १९७२, गुरुवार
वहीची माफी मागतो. दसऱ्यानंतर आजच उघडली. ससा वेळच देत नाही. म्हातारा झाला, मागचे पाय गेले. बसल्या जागी लघवी, तीतच बसणे. लेंड्या केसांना चिकटतात, माश्या घोंगावतात.
हा ससा व्याही आप्पासाहेबांनी माझ्या नातवाला दिलेला. पुढे त्यांनीच माझ्या मुलाला, गोरक्षला, कोपरगावच्या साखर कारखान्यात चिकटवले. तो, सून, नातू तिकडे गेले. ससा मला राहिला. दिवाळीलाही कोणी आले नाही.
ठरले. चार माणसे बसलेली असताना ससा आप्पासाहेबांच्या पांढऱ्या गादीवर ठेवायचा. मग होऊ दे काय व्हायचे ते. रविवारी निघणार.

१२ नोव्हेंबर
निघालो नाही. त्याचे ढुंगण लाल झाले आहे. असा नेला तर म्हणतील, कर्जतकरांना ससाही सांभाळता येत नाही. आधी बरा करू, मग सूड.
कोमट पाण्याने धुतले. केस कापले. खोबरेल लावले. पुसायला लग्नातला टॉवेल काढला. व्याह्याचा मान म्हणून आप्पासाहेबांनी दिलेला. ताक गाळावे इतका विरळ. अपमानाचा पुरावा म्हणून पेटीत जपला होता. त्याने पुसताना फार समाधान वाटले.
बायको चांगुणा म्हणाली, "पोटच्या पोराला कवा एवढं धुतलं न्हाई." बायकांना राजकारण कळत नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ
जखम भरली. पण थंडी फार. पुढच्या आठवड्यात नक्की.
पाऊस झाला नाही, गावात हिरवे पान नाही. ससा कडबा हुंगतो आणि तोंड फिरवतो. बरगड्या हाताला लागतात. चांगुणा म्हणाली, "तिकडं कालव्याचं पानी हाय, हिरवा घास हाय. जगंल बिचारा." मी सांगितले, मी सूडासाठी नेणार, घासासाठी नाही. म्हणाली, "व्हय व्हय. टोपी घाला अन् निघा."

२२ नोव्हेंबर, कोपरगाव
पाटीत घालून आणला. नगरच्या स्टँडवर तांब्यातल्या प्यायच्या पाण्याने धुतला, सवयीने. एसटीत गारठेल म्हणून मांडीवर घेतला. सगळा सूड माझ्याच धोतरावर झाला.
आप्पासाहेबांकडे चार माणसे होती. गादीवर ठेवला. वाट पाहिली. चहा आला, गेला. हरामखोर कोरडा!
आप्पासाहेब म्हणाले, "व्याही, काय निगुतीनं ठिवलाय हो! मला वाटलं, कवाच मेला आसंल." नातवाने घास आणला. ससा खातच राहिला. मी हाक मारली, मान वर केली नाही. म्हणालो, राहू द्या इथेच. त्यांना त्रास व्हावा म्हणून.
निघताना टोपी, नारळ, नवा टॉवेल. म्हणाले, "लग्नात गडबडीत हलका टावेल आला, लई मनाला लागून ऱ्हायलं हुतं." इतक्या वर्षांचा पुरावा गेला.

२४ नोव्हेंबर, कर्जत
सूड पूर्ण. आता त्यांनी धुवावे.
सकाळी पाणी कोमट केले. मग आठवले. चांगुणा टोमणा मारेल म्हणून थांबलो. तिने त्या पाण्याने भांडी घासली.
नवा टॉवेल चांगला जाड आहे. पाणी लगेच टिपेल. पुसायला कोणी नाही.
आप्पासाहेब, मागच्या पायांच्या मधे ओल राहते, तिथे नीट पुसा. डाव्या कुशीवर निजवू नका, ओरडत नाही पण दुखते. खातो का? लौकर कळवा. पत्राला वेळ नसेल तर एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्या. नगरची गाडी येते तेव्हा मी स्टँडवरच असतो.