एकतीस म्हणजे नापास

१८ जानेवारी १९९८, रविवार

आज दिवसभर ती सायकल डोळ्यांपुढून हलत नाही. अण्णाची काळी सायकल, मागच्या कॅरिअरवर मी, मांडीवर दप्तर. चामराजपेटेतून निघायचं ते कंटोनमेंटातल्या माझ्या कॉन्व्हेंटपर्यंत. मध्ये चढ लागला की अण्णा पुढे वाकून म्हणायचा, "उतर ग बाई, सायकलीला दम लागला!" दम त्याला लागलेला असायचा. मी उतरायचे, पण त्याला उतरू द्यायचे नाही. सीटवर तो आणि मागून ढकलणारी मी! लोक थांबून हसायचे. मी दहा वर्षांची असेन, तो तेराचा. चढ संपला की मी पुन्हा मागे बसायचे, आणि उताराला दोघंही काही बोलायचो नाही. नुसता वारा. नीलगिरीच्या झाडांचा वास.

काल डायलिसिसच्या खाटेवर त्याला पाहिलं. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली — उतारावरून चालल्यासारखा.

त्याला किडनी हवी आहे. मशीनवर फार काळ निभणार नाही, असं डॉ. कृष्णमूर्ती म्हणाले. प्रेमा वहिनींचा रक्तगट जुळत नाही. त्यांची मुलगी रक्षिता सातव्या महिन्यात आहे, तिचा प्रश्नच नाही. उरले मी. रक्तगट तोच!

मी विचारही केला नाही. खरंच केला नाही. "मी देणार" म्हणून मोकळी झाले. अण्णा छताकडे बघत राहिला.

२७ जानेवारी

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाचा फोटो. सगळं छान. रक्तदाब बघून नर्स म्हणाली, "मॅडम, माझा पण इतका चांगला नाही!"

मग काट्यावर उभं केलं. एकोणऐंशी किलो. उंची पाच फूट तीन इंच. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला — उंची मीटरमध्ये, तिचा वर्ग करायचा, आणि त्याने वजनाला भागायचं. याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. माझा आला एकतीस.

"पंचवीसपर्यंत उत्तम. तीसच्या वर म्हणजे स्थूल," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता, टेबलावरची टाचणी सरळ करत. "सत्तावीसच्या खाली आणा. मग बघू."

"आणि तोपर्यंत अण्णा?"

"बघू, मॅडम."

एकतीस म्हणजे नापास! सिस्टर बर्नाडेटच्या गणिताच्या तासासारखं. तीस वर्षं मुलींना पी.टी. शिकवली मी. अजून पहाटे लालबागेतला खडक एका दमात चढते. माझ्या मांड्या म्हणजे शाळेच्या व्हरांड्याचे खांब — मुली मागे हेच म्हणायच्या, मला माहीत होतं, आवडायचंही. त्या खांबांचं वजन कोणी वजा करत नाही का?

१ फेब्रुवारी

भात सोडला.

५ फेब्रुवारी

दवाखान्यातली लिफ्ट बंद. अण्णाचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर. मी एका हातात डबा, एका हातात उशी घेऊन वर पोचले, मागे बघते तर वहिनी नाहीत. खाली दुसऱ्या वळणावर पायरीवर बसलेल्या, पदराने वारा घेत.

"काय हो वहिनी, पंचेचाळीस किलोच्या तुम्ही!"

"अय्यो, स्वल्प थांबा हो सोयराबाई. छातीत धडधडतंय."

वर गेल्यावर गंमत म्हणून नर्सकडून त्यांचाही हिशेब करून घेतला. एकोणीस! उत्तम श्रेणी. साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ, जिन्याला धाप, हिवाळ्याचे चार महिने खोकला — पण कागदावर पहिला नंबर. वहिनी इतक्या खूश झाल्या की अण्णाला दोनदा सांगितलं. अण्णा म्हणाला, "बघ सोयरा. म्हणून मी हिच्याशी लग्न केलं, तुझ्यासारखीशी नाही." पुष्कळ दिवसांनी हसला. हसताना ओठ सुकलेले दिसले. मी घरी येऊन काकडी खाल्ली.

१२ फेब्रुवारी

भूक लागली की जुने दिवस फार जवळ येतात. हे कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी आडवी झाले तर बनशंकरीचं हे घर कुठल्या कुठे गेलं. चामराजपेटेतलं आमचं स्वयंपाकघर, आई पाटावर, मोठ्या पितळी पातेल्यात गरम भात, त्यावर सारू, त्यावर तुपाची धार. आई वाढते आहे आणि मी ताटावर हात आडवा धरून "बेडा, बेडा", नको, नको म्हणते आहे. आई ऐकतच नाही. भात वाढतो, ताटाबाहेर येतो, अंगणात येतो, आणि आम्ही दोघं भावंडं त्यात गुडघाभर उभी! अण्णा ओंजळीने भात उडवतोय.

जागी झाले तर उशी ओली. रडून नव्हे. लाळेने! सत्तावन्नाव्या वर्षी!

सत्त्याहत्तर किलो.

२५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज उपास करायला अधिकृत कारण.

संध्याकाळी वहिनी देवळातून थेट माझ्याकडे. कुंकू लावलं, आणि हळूच म्हणाल्या, "बनशंकरी अम्माला बोललेय. दोघं नीट घरी आलात की तुमचा तुलाभार. तुमच्या वजनाइतका गूळ."

मला हसू आवरेना. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा! "वहिनी, डॉक्टर उतरवायला सांगतात, तुम्ही तोलायला निघालात."

"बोलले त्या दिवशीच्या वजनाचाच देणार. देवीला फसवायचं नाही. आणि देवी काय सत्तावीस-अठ्ठावीस विचारते का? तिला जास्त तेवढं बरं."

देवीचा हिशेब मला पटतो.

अण्णाचे पाय सुजलेत. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो.

८ मार्च

लालबागेत खडकाच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे अंधारलं. खाली बसले. जॅकरांडाची जांभळी फुलं पडली होती सगळीकडे, मी त्यांच्यात बसून राहिले, आणि खरं सांगते, क्षणभर फार सुखाचं वाटलं. आपण हलके झालोय. फुलांबरोबर कोणी झाडून नेलं तरी चालेल. मग अण्णा आठवला आणि घाम फुटला.

शेजारच्या चंद्राबाई बरोबर होत्या, त्यांनी रिक्षात घालून त्यांच्या ओळखीच्या लेडी डॉक्टरकडे नेलं. ती मला बघून ताडकन उभी राहिली. "मिस!" धनलक्ष्मी! थ्रोबॉलमध्ये चेंडू आला की हमखास दुसरीच्या मागे लपणारी! आता हृदयाची मोठी डॉक्टर. चष्मा, केसांत एक रुपेरी बट.

सगळं ऐकलं, रक्त काढलं, रिपोर्ट बघून माझ्यावर ओरडलीच. मी तिच्यावर कधी ओरडले नसेन एवढं. "काकडी खाऊन रक्त उतरवलंत! आकडा सुधारला मिस, तुम्ही बिघडलात." मुकाट्याने भात खायचा, डाळ खायची, लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, मग परत यायचं.

रात्री भात खाल्ला. तूप घालून. आईची आठवण काढत.

१७ मार्च

धनलक्ष्मीने आज मला पट्ट्यावर पळवलं. छातीला तारा चिकटवलेल्या. "मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावायचात ना? आता माझी पाळी." पट्टा चढा होत गेला, जोरात होत गेला. मी चालत राहिले. डोळे मिटले तर लाल मातीचं मैदान, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे आवाज, लांबून चॅपेलची घंटा. शेवटी तिनेच मशीन थांबवलं. "मिस, पुरे! माझे चाळिशीतले पेशंट इतके टिकत नाहीत."

मग कमरेला टेप लावला, दंड दाबून पाहिले, आणि समजावून सांगितलं. तो आकडा खोटा नाही, म्हणाली. अर्धवट आहे. हजारो माणसांची एकदम पाहणी करायला बरा. एका माणसाला लावला की गोंधळ. त्याला हाड कळत नाही, स्नायू कळत नाही, चरबी कुठे साठली ते कळत नाही. "जादा चरबी ऑपरेशनला त्रास देते, ते खरं. तुमची थोडी आहे, पोटावर. पण साखर नाही, रक्तदाब नाही, हृदय हे असं. एवढं सगळं चांगलं असताना नुसत्या एकतीसवर कोणी अडवत नाही, मिस. त्यांना दुसरं काहीतरी दिसलं असेल. विचारा त्यांना."

दुसरं काहीतरी. येताना बसमध्ये तेच डोक्यात. माझ्यात काय आहे? कुठे गाठ? काय लपवतायत?

२० मार्च

डॉ. कृष्णमूर्तींना धनलक्ष्मीचे कागद दिले. त्यांनी सगळे वाचले. चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"तुम्ही उत्तम आहात, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"तुमचा भाऊ, हंबीरराव, माझा पेशंट आहे. त्याला नको असेल तर जबरदस्तीने मी घालू शकत नाही." मग अगदी लहान आवाजात, "खोटं कारण द्यायला नको होतं मी. ते माझं चुकलं. त्याला विचारा."

टाचणी सरळ करत होते ते त्या दिवशी! मला वाटलं, बाईच्या वजनाबद्दल बोलायला लाजतायत.

२१ मार्च

अण्णा त्याच्या घरी, खिडकीजवळ आरामखुर्चीत होता.

"वजनाचं तू सांगायला लावलंस?"

"शेजारी कॉफी भाजतायत. वास येतोय? मला पाणीसुद्धा मापून, आणि ही माणसं—"

"अण्णा."

"हो. लावलं. नाही म्हणायला काहीतरी कारण दे म्हटलं कृष्णमूर्तीला. तो कबूल होईना. तुझे सगळे कागद आम्ही दोघांनी बसून वाचले. तुझ्यात दुसरी खोटच सापडेना ग."

मी पिशवी खाली आपटली.

"वजनावरून तू चिडतेस, पण रडत नाहीस. हृदय-बिदय म्हटलं असतं तर घाबरून बसली असतीस. वाटलं, चिडेल, कंटाळेल, सोडून देईल. तू भात सोडशील हे कुणाला माहीत!"

"मी तुला देऊ का असं विचारलं होतं? मी देणार म्हणून सांगितलं होतं."

"म्हणून तर चोरून करावं लागलं." मग खिडकीकडे वळून, "मी साठ वर्षं वापरलेलं यंत्र आहे. तू धडधाकट. तुला चिरायचं, माझ्यासाठी. आणि तुला काही झालं तर मी त्या नव्या किडनीचं काय करू? रोज सकाळी उठून तिच्याशी बोलू?"

दारात वहिनी कधी आल्या कळलं नाही. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "म्हणजे तुम्ही आपणहून मरायला निघालात? आणि मी इथे देवीला गूळ बोलून बसले! ह्या बाई काकड्या खातायत, मी नवस करतेय, आणि तुम्ही वर बसून गंमत बघताय?" ओरडता ओरडता खालीच बसल्या. पन्नास किलोसुद्धा नसलेली ती बाई — पण अण्णा हादरला तो तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

कोणी कोणाची समजूत घातली नाही. कॉफीचा वास येत राहिला.

शेवटी म्हणाला, "जा घरी, सोयरा. मला विचार करू दे."

जाताना पाठीमागून, "फार वाळलीस. बरी दिसत नाहीस."

२८ मार्च, उगादी

कडुनिंब-गूळ घेऊन गेले. अण्णाने हातावर घेतला, खाल्ला. विषय काढला नाही. मीही नाही.

२ एप्रिल

दुपारी स्वप्न. कुणीतरी मैदानावर मुलींची रांग लावतंय — उंचीप्रमाणे, मग वजनाप्रमाणे, मग पुन्हा उंचीप्रमाणे. मला कुठेच जागा सापडत नाही. मी रांग सोडून गवतावर जाऊन बसते. गवत ऊन आहे. कोणीही हाक मारत नाही.

फोन येत नाही.

१९ एप्रिल, रविवार

त्या स्वप्नानंतर दोन दिवसांनी अण्णाचा फोन आला, एकच शब्द — "सरी." म्हणजे बरं, घेतो. त्यानंतर इथे लिहायला हात धजला नाही. दोन आठवडे सह्या, तपासण्या, पुन्हा सह्या. आता दवाखान्यातून लिहिते आहे. तो शेजारच्या खोलीत. उद्या सकाळी आधी मला आत नेणार, मग त्याला.

सगळं ठीक होईल. तरीही.

घर — रक्षिताला आणि तिच्या बाळाला. मागच्या खोलीतल्या भाडेकरूला काढू नये.

मोरपंखी मैसूर सिल्क — प्रेमा वहिनींना. कधी बोलल्या नाहीत, पण दर वेळी काठावरून हात फिरवतात.

शिट्टी — धनलक्ष्मीला. आता लपायचं कारण नाही.

कुंड्या — चंद्राबाईंना. जाईला पाणी कमी.

डावी किडनी — अण्णाला. मी जागी झाले नाही तरी. आणि तसं झालंच, तर त्याला रडू देऊ नका. टाक्यांवर ताण येतो.