पिवळ्या गाडीची काच

दादा, आज ती पिवळी गाडी पुन्हा आपल्या दुकानात आली. घोडेगावच्या स्टँडजवळचं आपलं गाड्यांच्या काचांचं पत्र्याचं दुकान अजून तिथंच आहे, फक्त पाटीवर आता माझं नाव आहे. गाडी घेऊन आला तो त्या वेळचा नवरदेव. पोट सुटलंय, केस गेलेत. म्हणाला, ताई, काच धुरकट झालीय, समोरचं धड दिसत नाय, बदलून द्या. मी हो म्हटलं आणि कपाटामागून तिच्या मापाचा जुना कागद काढला. तेव्हापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

गाडी तुम्हाला आठवत असणारच. महाळुंगे पडवळच्या त्या मेकॅनिकनं परदेशी शर्यतीच्या गाडीचं मासिकातलं चित्र भिंतीला चिकटवलं आणि तीन वर्षं खपून तशीच गाडी घरच्या गोठ्यात उभी केली. खाली जुन्या मोटारीचा सांगाडा, वर फायबरची बॉडी, आणि डौल तर विचारू नका. पोराच्या वरातीला काढायची म्हणून आधी ओझरला पूजेला नेली, आणि तिथं मेव्हण्याच्या हातून ओवाळता ओवाळता नारळ निसटला तो थेट पुढच्या काचेवर. लग्न चार दिवसांवर आलेलं. असल्या गाडीची काच बाजारात कुठून मिळणार? मोठ्या गाडीची जुनी काच आणून मापाला कापायची, एवढाच मार्ग होता. ते काम तुम्ही माझ्यापुढं ठेवलंत.

सासर कायमचं सोडून आल्याला मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. लोक माझ्याशी आवाज उतरवून बोलायचे, जशी काही मी आजारी आहे. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात कटर दिलात आणि म्हणालात, रडायचं तर रड, पण काचेवर नको, डाग पडतात. गाडी आली त्या दिवशी मी तिच्या फ्रेमवर कागद धरून माप काढत होते, तेवढ्यात गाडीवाल्यानं, त्या मेकॅनिकनं, तुम्हाला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं.

“भाऊ, राग मानू नका. लग्नाची गाडी हाये. नांदून माघारी आलेल्या बाईचा हात नको लागाया.”

तुम्ही काचेभोवतीच्या रबरावरची धूळ झटकत राहिलात. “हात लागंल तर तिचाच लागंल, पावणं. नायतर गाडी घेऊन जावा.”

गाडी नेऊन नेणार कुठं? तो तिथंच स्टुलावर बसला. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली ती काच. दोन्ही अंगांनी कटर फिरवायचा, हलकं ठोकायचं, भेगेत स्पिरिट ओतून काडी लावायची, पापुद्रा मऊ झाला की ब्लेड घालायचं. मी कापते आहे, तुम्ही लांब उभे, हात पाठीमागं. काच इतकी स्वच्छ सुटते की माझा मलाच अभिमान वाटतो. आणि फ्रेमवर ठेवते तर डावीकडं बोटभर फट, उजवीकडं काच फ्रेमच्या बाहेर. हातानं घडवलेली गाडी, तिच्या दोन बाजू एकसारख्या नव्हत्या. सपाट काच असती तर उलटून बसवली असती. ही बाकदार, ती कशी उलटणार?

गाडीवाला नुसता माझ्या हातांकडं बघत राहिला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून घरात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची कीव झेलायची.

“तुमी बोललात म्हनून हात हालला तिचा,” तुम्ही त्याला म्हणालात. “दुसरी काच मी आनतो. पन कापनार तीच.”

त्याची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून काच आणलीत, गोधडीत गुंडाळून, एसटीत उभ्यानं, कंडक्टरची बोलणी खात. आल्या आल्या मापाचा कागद टेबलावर पसरलात, लाल ऑइलपेंटनं त्याच्या एका अंगावर मोठ्या अक्षरांत ‘बाहेर’ असं लिहिलंत आणि चहाला निघून गेलात. मी एकटीनं काच कापली. रबराच्या खाचेत माझ्याच परकराचा नाडा घातला, साबणाचं पाणी लावलं, आतून नाडा ओढत गेले तसा रबराचा ओठ फ्रेमवर चढत गेला आणि काच बसली. वरातीच्या दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या बायकोनं दुकानात येऊन माझी ओटी भरली. नारळ तो गाडीवालाच धरून उभा होता, दोन्ही हातांनी, फार जपून. त्यानंतर दोन तालुक्यांतल्या जीपा, टेम्पो या हाताखालून गेले, आणि कुणी ‘ह्या बाईचा हात नको’ म्हटलं नाही. हे सगळं तुमचं देणं आहे, दादा. तुम्ही असताना तोंडानं कधी म्हटलं नाही.

आजही मी प्रत्येक कागदावर लाल रंगानं ‘बाहेर’ लिहिते. हे पत्र त्या जुन्या कागदाच्या घडीत ठेवीन, पाठवणार कुठं?

एक राहिलं. माझा हात हलला नव्हता. हलला असता तर काच तडकली असती, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. मी काचेवर कागद पालथा ठेवला होता, डावी बाजू उजवीकडं. तिथंच सांगायला हवं होतं, त्या माणसाची मान खाली जाण्याआधी. पण सासर सोडल्यापासून माझ्या बाजूनं चारचौघांत इतकं कुणी भांडलं नव्हतं, आणि मला ते ऐकत राहावंसं वाटलं.