जावयापुरती गार हवा

१८ मे, सकाळ
पाना हातातून सुटला आणि कॅराव्हॅनच्या छतावरून थेट अनारशाच्या तांदळात पडला. खाली सावलीत आई तांदूळ वाळवत बसली होती. तिने पाना उचलला, पदराला पुसला, शेजारी ठेवला. वर बघितले नाही.
"उतरशील तवा घिऊन जा," म्हणाली.
झाकणाचे चार स्क्रू निघाले. बाकीचे गंजलेत. आतला एसी उद्या दिसेल.

१८ मे, दुपार
कारण नोंदवून ठेवतो. अधिक महिना लागला आहे. रेश्माच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. शनिवारी ती आणि जावई धोंड्याच्या जेवणाला बावड्याला येणार, एक रात्र राहणार. व्याही विजयसिंहराव फोनवर म्हणाले, यशराजला बारामतीत एसीची सवय, तिकडे उकाडा फार, तर जेवण करून संध्याकाळी परत पाठवा. मी म्हणालो, जावई एसीत झोपतील. ते म्हणाले, बरं.
त्या 'बरं'ची जात मला कळते. शनिवारी फजिती झाली, तर रेश्माला सासरी जन्मभर ते ऐकावे लागेल.
घरात एसी नाही. एकच आहे, तो या कॅराव्हॅनच्या डोक्यावर. भिगवणला एक पर्यटन केंद्र बंद पडले तेव्हा मी ती घेतली. केरळला जायचे होते. भिगवण ते बावडा हा तिचा आतापर्यंतचा प्रवास, तोही ट्रॅक्टरमागे. एसी तेव्हापासून लावलेला नाही.
चिंता नाही. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी झाली आहे. उष्णता मला माहीत आहे. थंडी म्हणजे तिचीच उलटी बाजू.

१९ मे
झाकण निघाले. आत पाचट, पिसे, साळुंकीचे जुने घरटे आणि आमचा हरवलेला चमचा. चमचा आईला दिला. एसीने पहिला निकाल दिला.
बायकोने, माधवीने, सुचवले, पुढच्या खोलीत कूलर लावू, बाज टाकू, विषय संपला. मी तिला समजावले की प्रश्न गारव्याचा नाही, शब्दाचा आहे. ती गोठ्यात निघून गेली. तिथे तिने गाईंसाठी मोठे पंखे आणि पाण्याचे फॉगर बसवले आहेत. उन्हाने दूध तुटते म्हणे. गाई दिवसभर धुक्यात उभ्या असतात. माणसांच्या बाबतीत तिला असे काही सुचत नाही.

२० मे
माहितीपुस्तक सापडले. पहिल्याच पानावर 'प्रथम फिल्टर स्वच्छ करा'. पहिले पान नवशिक्यांसाठी असते. मी नवव्या पानापासून सुरू केले.
नवव्या पानावर कॉइल धुवायला सांगितले आहे. हळुवार, असेही लिहिले आहे. बादलीने धुण्यात अर्थ नाही. मेहुण्याकडे डाळिंबावर फवारायचा पंप आहे. मानसिंगला फोन केला. ठेवलाय पत्र्याखाली, न्या, म्हणाला. टाकीत पाणीही भरलेले होते. आयते.

२० मे, सायंकाळ
फवारणी उत्तम झाली. पंपाचा जोर असा की कॉइलच्या बारीक पात्या एका बाजूला झोपल्या. वारा आला की ऊस झोपतो तशा. पण धूळ राहिली नाही. आतली कॉइल, बाहेरची कॉइल, पंखा, काही सोडले नाही.
पाण्याचा रंग थोडा तपकिरी वाटला. जुना मळ असणार.

२१ मे, सकाळ
वास.
मानसिंग आला. टाकीत पाणी नव्हते, जीवामृत होते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. आठवडाभर मुरलेले. मी विचारले, सांगितले का नाही. तो म्हणाला, दाजी, तुमी इचारलं न्हाय. मग शिडीवर चढून बराच वेळ एसीकडे बघत राहिला.
"आता फुटवा बघा कसा येतोय ह्याला," म्हणाला.
उतरताना त्याला हसू आवरेना. शिडीवरून पडला असता. मी शिडी धरली नाही.

२१ मे, दुपार
साध्या पाण्याने धुतले. शाम्पूने धुतले. आईने शिकेकाई दिली, तीही वापरली. वास आता मिश्र आहे.
गुळामुळे मुंग्या. चाकावरून चढतात, खिडकीच्या कडेने छतावर जातात. रांग सरळ आहे. शिस्त वाखाणण्यासारखी. त्यांचे काम त्या करतील, माझे मी. एका अर्थी सफाईच.
आतून छताला प्लॅस्टिकची जाळी आहे. शोभेची असावी. फडक्याने पुसली.

२२ मे
यश! एसी सुरू झाला. आधी घरघर, मग खोकल्यासारखे, मग एकसुरी आवाज. हवा जेमतेम लागते, पण लागते. दोन तासांनी छतावर चढलो, वरची पेटी उघडून आत पाहिले. आतल्या कॉइलवर बर्फ! पांढरा, बोटभर जाड. मे महिन्यात, बावड्यात, बर्फ.
माधवीला शिडीवर चढवून दाखवला. ती म्हणाली, बर्फ वर आहे, मग खाली उकडतंय का. बॉयलरवर काम न केलेल्या माणसाला हे समजावणे अवघड आहे. थंडी आधी साठते, मग उतरते.
हवा कमी होत होत बंद झाली. बर्फ वाढला. साठा चांगला आहे.
विजयसिंहरावांना फोन करून सांगितले, एसीला बर्फ धरतोय. ते म्हणाले, बरं. हे 'बरं' वेगळे होते. थोडे दबलेले.

२३ मे, सायंकाळ
जावई आले. धोंडे, अनारसे, वाण, सगळे रीतसर. जावई मोजके बोलतात, आग्रह केला की खातात. मी केरळच्या रस्त्यांबद्दल सांगितले.
रेश्मा आजीजवळ निजणार. जावयांना कॅराव्हॅनपर्यंत पोचवले. सकाळी उदबत्त्यांचा पुडा आत लावून ठेवला होता. त्यांनी दारात उभे राहून एक श्वास घेतला, मग बराच वेळ घेतला नाही. मी म्हणालो, सेंद्रिय आहे. ते म्हणाले, हो मामा.
एसी लावला. दार बाहेरून ओढून घेतले. जिंकलो.

२४ मे, सकाळ
माधवी धारा काढायला गेली तर जावई गोठ्यात. फॉगरखाली बाज टाकून, घोंगडी पांघरून, गाढ. जर्सी गाय त्यांचे केस चाटत होती. त्यांना उठवावेसे कोणालाच वाटेना. गाईलाही.
रात्री साठलेली थंडी खरोखर उतरली होती. वितळून. जाळीतून, त्यांच्या छातीवर, जीवामृतासकट.
रेश्माने ती शोभेची जाळी ओढून काढली. मागे फिल्टर होता. भाकरीएवढा जाड. तिने तो माझ्यासमोर धरला. हवा तिथेच अडत होती, म्हणून बर्फ, असे जावयांनी नंतर शांतपणे सांगितले. मी म्हणालो, माझाही तोच अंदाज होता.
मी विचारले, गोठ्यात वासाचा त्रास नाही ना झाला.
"तिथं गाईचा वास गाईलाच येतो, मामा," ते म्हणाले.
तेवढ्यात व्याह्यांचा फोन. जावयांनी तो सर्वांसमोर स्पीकरवर ठेवला. झोप लागली का रे, एसी चालला का. माधवीने माझ्याकडे बघितले. रेश्माने जमिनीकडे. जावयांनी केसांतून हात फिरवला, तो चिकटला.
"बर्फ पडला, पप्पा. घोंगडी घ्यावी लागली."
पलीकडून: "बरं."
रेश्मा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
जावई निघाले. माधवीने त्यांच्या गाडीत दुधाची किटली ठेवली. मग तिने आणि मानसिंगने पेंडीची पोती कॅराव्हॅनमध्ये आणून टाकली. दार लागत नव्हते. मी ढकलून लावले.