पत्र्याची कड

तात्या, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी आज डोक्यात जो संताप भरलाय तो तुम्हालाच सांगावासा वाटतोय. समुद्रकाठच्या एका शहराची वादळाने पार धूळधाण केली. तिथल्या घरांवर नवे पत्रे घालायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं, मी त्याच्याकडे इंजिनियर. इंदापुरातून नेलेली माणसं तुमच्याच हाताखाली तयार झालेली, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांनी प्रत्येक घरावर पहिला पत्रा मावळतीच्या कडेला ठेवला आणि पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्याच्या कडेवर चढवत उगवतीकडे सरकत गेले, तुम्ही शिकवलं होतं तसंच.

कोळीवाड्यातली एक म्हातारी मासळी वाळत घालता घालता वर बघत होती. सगळी आळी झाकून झाल्यावर तिने मला विचारलं, वारा तर मावळतीला दर्यावरून येतो, मग पत्र्यांच्या कडा तिकडेच उघड्या का ठेवल्यात? मला पणदरे गावातला तो गोठा आठवला. मी दहावीची परीक्षा देऊन तुमच्याबरोबर कामावर आलेय, हौसेने उलट्या बाजूने सुरुवात केलीय. तुम्ही खाली उभे राहून तंबाखू मळताय आणि आवाज न चढवता म्हणताय, "उतरव समदं. आपल्याकडं वळवाचं वारं उगवतीकडनं येतं. त्याला पत्र्याची कड घावली की घर सोलून काढतंय." भर उन्हात रडत रडत मी सगळे पत्रे उतरवले होते. तुमच्या माणसांनी नियम पाठ केला, कारण मात्र तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नाहीत. माझा राग तुमच्यावरही आहे.

मी घरं वाटणाऱ्या सरकारी साहेबांकडे गेले. पत्रे उलटे बसलेत, काढून पुन्हा घालावे लागतील म्हटलं. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही. चाव्या वाटायच्या कार्यक्रमाचा मांडव बाहेर उभा राहत होता. "मॅडम, घरावर पत्रे दिसतायत ना? मग झालं," एवढंच म्हणाले. ज्यांची घरं एकदा उडाली त्यांनाच पुन्हा उडणारी घरं द्यायची आणि वर स्वतःच्या गळ्यात हार घालून घ्यायचे. लाज कशी वाटत नाही या लोकांना? ठेकेदार म्हणे, इतकी वर्षं असेच घालतोय, एक पत्रा हलला नाही. हलला नाही तो इंदापुरात, मी म्हटलं. तोवर तो फोनवर बोलायला लागला होता.

हे सगळं मी आता घरात बसून तावातावाने लिहितेय. पण काम नीट झाल्याच्या कागदावर सही माझी आहे, तात्या. नोकरी जाईल म्हणून केली. चाव्या मिळाल्यावर त्या म्हातारीने मला नव्या घरात बसवून चहा दिला आणि विचारलं, "पोरी, आता तरी राहील ना गो छप्पर?" मी म्हणाले, राहील, माझ्या वडिलांनी तयार केलेली माणसं आहेत. त्यावर तिने माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.

तुम्हाला पत्र पाठवायला पत्ता नाही, याचं आज पहिल्यांदा बरं वाटतंय.